घर ऐकण्याचे दर

४ जानेवारी

बॉबिन,

आशीर्वाद नेहमीच्या मापाचे. कमी नाहीत, जास्त नाहीत.

परवा रविवारी तू आलास, खोल्याखोल्यांतून फिरून घर ऐकलंस, स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदललास, पंख्याला तेल दिलंस, चहा घेतलास आणि गेलास. हे तेव्हाच बोलणार होते. पण माझे कान गेल्यापासून तुझ्या ओठांवरून मला अर्धंच कळतं, आणि पैशाच्या बाबतीत अर्धं कळणं म्हणजे काहीच न कळण्यापेक्षा वाईट. 'मामी' एवढं मात्र कधी चुकत नाही. ओठ दोनदा मिटतात. बाकी तू काय पुटपुटतोस ते तुझ्या शिलाई मशिनींनाच ठाऊक. शिवाय कागदावरचं राहतं. चौतीस वर्षं दुकानदारांची वजनमापं तपासायची नोकरी केली, तोंडी बोलण्यावर एकालाही पकडलेलं नाही.

तर काम असं. तुझ्या मामांनी जन्मभर पगारातून चिमटे काढून जे शेअर घेतले, ते ज्या दलालाकडे आहेत तो म्हातारा गाशा गुंडाळतोय. दर व्यवहारात शेकडा अर्धा घ्यायचा आणि वर्षाला एक कॅलेंडर द्यायचा. आता मोबाइलवरचे स्वस्तातले दलाल निघालेत म्हणे. तू गिऱ्हाईक नसलं की त्यातच डोकं घालून बसतोस, असं तुझ्या बायकोने मागे चिठ्ठीत लिहिलं होतं, कौतुकाने नव्हे. तेव्हा मला तुलना करून दे. खातं उघडायला कोण किती घेतो, दर वर्षी किती, विकताना किती, आणि चौथं म्हणजे एका माणसाच्या खात्यातले सगळे शेअर दुसऱ्या माणसाच्या खात्यात हलवायचे झाले तर किती. चारही रकाने भरलेले हवेत. बाजारात आहेत तेवढे सगळे दलाल घे.

तुझी मामी

१२ जानेवारी

मामी,

नमस्कार, तोही वाकून. तुम्हाला दिसला नसला तरी वाकलो, शेजारचा मोबाइलवाला साक्षीला आहे.

तुमचं पत्र म्हणजे समन्सच असतं. उघडताना हात पुसून घेतले.

दलालांची नावं सगळी एकासारखी एक, म्हणून जाहिरातीच्या रंगावरून सांगतो. निळा, हिरवा आणि केशरी. खातं उघडायला निळा काही घेत नाही, हिरवा दोनशे, केशरी तीनशे. दर वर्षाला निळा तीनशे साठ, हिरवा चारशे, केशरी साडेचारशे. विकताना तिघेही वीस-वीस, मग शेअर दहा असोत की दहा हजार. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्याने एका दमात जेवढे कापले असते तेवढ्यात इथे तुमची दहा वर्षं निघतील. माझं मत विचाराल तर डोळे मिटून निळा. फॉर्म सोबत पाठवतोय, फुल्या मारल्यात तिथे तिथे सह्या करा. बाकीचे रकाने मी भरून ठेवलेत, तुम्हाला बारीक अक्षरांचा त्रास नको.

इकडे गाळ्याची भानगड उपटली आहे. मालक गाळा विकायचा म्हणतोय. एकोणीस वर्षं भाडं दिलं म्हणून पहिला हक्क माझा, पण मार्चअखेरपर्यंतच. नाहीतर मोबाइलवाला टपून बसलाय, त्याला भिंत पाडून दुकान मोठं करायचंय. तुम्ही त्याचा विचार करू नका. होईल काहीतरी.

रविवारी येतोच. तुमच्या फ्रिजचा आवाज मला मागच्या वेळीच आवडला नव्हता.

बॉबिन

१६ जानेवारी

बॉबिन,

पत्र पोहोचलं. अक्षर सुधारलंय, म्हणजे सावकाश लिहिलंस.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली, चौथा रकाना कुठे गेला? दुसरी, बाजारात रंग तीनच आहेत का? तिसरी जरा नाजूक आहे, पण मी नाजूक बाई नाही. हे दलाल गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला काही देतात असं वाचलं. यांतल्या कुणाकडून तुला काही मिळत असेल तर लिही. मला राग येणार नाही. फक्त लिही.

मालक गाळ्याचे किती मागतोय, तो आकडाही कळव.

मामी

२१ जानेवारी

मामी,

तुम्ही निवृत्त झालात हे सरकारला कुणी सांगितलंय का? अजून झडती चालूच आहे.

चौथ्या रकान्याचं तुम्हाला काय करायचंय? तुम्ही कुणाच्या खात्यात शेअर हलवणार आहात? म्हणून गाळला. उगाच डोक्याला ताप. रंग आणखी असतील, पण नाव घेण्यासारखे हे तीनच. आणि मला काय मिळणार, मामी? छे. तुमच्या कामात मी दलाली खाईन का? मामांनी मला मांडीवर बसवून पहिल्यांदा मशीनचं चाक फिरवायला दिलं, त्यावरूनच तर हे नाव पडलं. तुमचं काम म्हणजे माझंच काम.

मालक मागतोय तो आकडा वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, वाचण्याआधी बसून घ्या. बँकेत विचारून आलो. मशीन दुरुस्त करणाऱ्याला ते चहा देतात, कर्ज देत नाहीत. मामा असते तर, असं राहून राहून मनात येतं. तुम्हाला गळ घालायची नाही म्हणून इथेच थांबतो.

बॉबिन

९ फेब्रुवारी

बॉबिन,

निळ्याकडे खातं उघडलं. मामांचे सगळे शेअर त्यात आले. त्या लोकांनी कागदावर स्वागताचं पत्र पाठवलं, मी तशी मागणी केली होती. जाड कागद आहे, छपाई चांगली.

आकड्याची चिठ्ठी वाचली. बसूनच होते.

परवा लायब्ररीतून येताना एका जुन्या दुकानावरून गेले. तिथे आता केसांचं सलून आहे. पूर्वी तिथे एक साखरवाला होता. आमच्या कामाची एक पद्धत होती, तुला कधी सांगितली नसेल. बिल्ला न लावता, हातात पिशवी घेऊन साध्या बाईसारखं जायचं आणि किलोभर काहीतरी विकत घ्यायचं. पैसे देताना हसून विचारायचं, पूर्ण किलो आहे ना हो? आणि मग बाहेरच्या गाडीत ठेवलेल्या आपल्या तराजूवर तोलायचं. वजनात थोडं इकडेतिकडे झालं तर कायद्यातच काही ग्रॅमची सूट होती, तेवढं मी सोडून द्यायची. पण मी तोलायची ती साखर नव्हे. मी ते उत्तर तोलायची. कुणी म्हणालं, बाई, पाचदहा ग्रॅम कमी भरेल, तराजू जुना आहे, तर त्याला ताकीद देऊन सोडलंय. हा साखरवाला म्हणाला, तुम्ही मला बहिणीसारख्या, तुम्हाला कमी देईन का? वीस ग्रॅम कमी होते. महिनाभर दुकानाला सील ठोकलं. त्याची मुलगी माझ्या पाया पडायला वाकली, मी पाय मागे घेतले. नंतर त्याने दुकान विकलं असं ऐकलं. तेव्हा मला ऐकू येत होतं.

गाळ्याची रुंदी किती आहे? खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे ना?

मामी

१४ फेब्रुवारी

मामी,

तुमचं शेवटचं वाक्य चारदा वाचलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामी उगाच रुंदी विचारायच्या नाहीत. मी म्हटलं, जास्त आशा लावू नकोस. आणि मग दोघांनी टेप घेऊन गाळा मोजला. नऊ फूट रुंद, चौदा फूट खोल. खिडकी रस्त्यालाच आहे, आणि तिच्याखाली मशीन ठेवलं की दुपारपर्यंत दिवा लागत नाही. एवढा उजेड या रस्त्यावर दुसऱ्या कुठल्याच गाळ्यात नाही. सुईत दोरा ओवण्यावर पोट असणाऱ्या माणसाला उजेड म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

साखरवाल्याची गोष्ट झकास. तुमच्या हातून सुटणं कठीणच.

आता पाय धरूनच विचारतो, म्हणजे तुम्हाला मागे घेता येणार नाहीत. तुम्ही मनात काही धरलं असेल, उसने का होईना, तर दर महिन्याला फेडीन. लिहून देईन, साक्षीदार आणीन, तुम्ही म्हणाल तसं. बायको आत्तापासूनच भिंतीला कोणता रंग लावायचा ते बोलतेय. मी मालकाला सांगितलं, थांब जरा, आमच्या घरात एक मोठं माणूस आहे.

रविवारी फ्रिजसाठी रबरी बूट घेऊन येतो. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून, नाहीतर त्या थरथरण्याने तुम्ही घर सोडून गेला असता.

तुमचाच बॉबिन

२ मार्च

बॉबिन,

रविवारी तू आलास तेव्हा मी काही बोलले नाही, कारण हे पत्र लिहायचं होतं. तू हसत होतास. बिस्किटंही आणली होतीस.

चाचणी खरेदीचा निकाल कळवते.

तुझ्या तुलनेत दलाल तीन. बाजारात चार. चौथा करडा. लायब्ररीत जे वर्तमानपत्र येतं त्याच्या पहिल्याच पानावर रोज असतो, आंधळ्याला दिसेल एवढा. खातं उघडायला शून्य, वर्षाला एकशे ऐंशी, विकताना पंधरा. तू मला निळा दिलास, म्हणजे वर्षाला मला एकशे ऐंशी जास्त पडणार. मी अजून अकरा वर्षं जगेन असं धरलं तर एकोणीसशे ऐंशी. हे सगळं मी तुला पहिलं पत्र लिहिण्याआधी भिंग घेऊन वाचलं होतं. तुलनेची मला गरज नव्हती.

निळ्याच्या स्वागतपत्रातलं दुसरं वाक्य उतरवून देते. 'आपल्या परिचिताने आपली ओळख करून दिल्याबद्दल त्यांच्या खात्यात तीनशे जमा करण्यात आले आहेत.' परिचित म्हणजे तू. मी विचारलं होतं. राग येणार नाही असंही लिहिलं होतं. तू लिहिलंस, छे. तुझ्या हातची ती छे माझ्याकडे कागदावर आहे.

आता चौथा रकाना. एका माणसाच्या खात्यातले सगळे शेअर दुसऱ्या माणसाच्या खात्यात हलवायचे झाले तर किती, हे मी दोनदा विचारलं. तू म्हणालास, उगाच डोक्याला ताप. तो दुसरा माणूस तू होतास. मामांची तशी इच्छा होती आणि माझीही होती. शेअरची आजची किंमत तुझ्या मालकाच्या आकड्यापेक्षा थोडी जास्तच भरते. बक्षीसपत्र टाइप करून आणलं होतं. लायब्ररीचा शिपाई आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट साक्षीदार म्हणून यायचे होते. तारखेची जागा तेवढी मोकळी ठेवली होती. तुला पारखणं हा केवळ उपचार होता, मी सगळ्यांनाच पारखते.

ते बक्षीसपत्र सोबत पाठवत आहे, सही न केलेलं. कागद पाठकोरा आहे. हिशेबाला उपयोगी पडेल.

मामी

८ मार्च

मामी,

तुमचं पत्र बायकोने आधी उघडलं. तिने टेप होता तिथे ठेवून दिला.

हो, तीनशे घेतले. करडा मला माहीत होता. त्याच्याकडे ओळखीचे पैसे मिळत नाहीत, म्हणून त्याला गाळला. तुम्ही विचारलंत तेव्हा सांगणार होतो. पण तीनशेच होते, मामी. तीन हजार असते तर छाती ठोकून सांगितलं असतं. तीनशेसाठी मामीच्या कामात हात मारला, हे लिहायला लाज वाटली, आणि छे हा शब्द छोटा होता. त्या तीनशेत मी काय घेतलं सांगू? तुमच्या पंख्याचं बेअरिंग. दोनशे ऐंशीला. तुम्हाला सांगितलं होतं की दुकानात पडलेलं होतं. त्याची पावती नाही, म्हणजे तुमच्या दृष्टीने ते घडलंच नाही.

वाण्याला ग्रॅमांची सूट होती ना? कायद्यात होती, तुम्हीच लिहिलंत. चार वर्षं दर दुसऱ्या रविवारी दोन बस बदलून येतो. तुमचे चार नळ, दोन पंखे, फ्रिज, दाराची घंटा, भिंतीतला टाकीचा पाइप, सगळं कान लावून ऐकतो, कारण तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कुणाला कळू देत नाही. एवढ्या सगळ्या मालात तुम्हाला तीनशेची तूट सापडली आणि तुम्ही दुकानाला सील ठोकलंत. मला एका ग्रॅमचीसुद्धा सूट नाही.

आता तुम्हाला एक सांगतो, खूप वर्षं पोटात ठेवलं होतं. मामा दर शनिवारी लायब्ररीत जातो सांगून निघायचे, पण तिथे जायचे नाहीत. ते इथे येऊन बसायचे, खिडकीजवळच्या स्टुलावर, दोन दोन तास. बोलायचे नाहीत, मशीन चालताना बघत राहायचे. एकदा मी विचारलं, मामा, कंटाळा नाही येत? म्हणाले, इथे कुणी तोलत नाही रे.

यापुढे मी येणार नाही. घर तुमचं आहे, तुम्हीच ऐका.

बॉबिन

१ एप्रिल

बॉबिन,

सूट वजनाला असते. उत्तराला नसते. हे मी ९ फेब्रुवारीच्या पत्रात नीट लिहिलं होतं, तुला त्यात फक्त गाळ्याची रुंदी दिसली.

कळवण्याचं कारण असं की, शेअर विकले. दलाली वीस पडली, हे तुझं खरं ठरलं. त्या पैशांतून काल तुझा गाळा घेतला. मोबाइलवाल्यापेक्षा पाच हजार जास्त दिले. मालक विचारत होता, या वयात तुम्हाला गाळा कशाला? मी त्याला कागद पुढे केला, इथे सही करा.

तू घाबरू नकोस. भिंत पडणार नाही. भाडं सध्या आहे तेच, महिन्याला सहा हजार, पहिल्या तारखेला. मनीऑर्डर चालेल. पावती मिळेल.

शनिवारचे ते दोन तास कुठे जात होते, हे मला अठरा वर्षं कळलं नव्हतं. लायब्ररीच्या रजिस्टरमध्ये त्यांची सही नसायची, ते मी तेव्हाच तपासलं होतं. दुसरी बाई असेल असं वाटायचं. ते बरं होतं.

स्टूल गाळ्याच्या किमतीत धरलेलं नाही. ते तुझं आहे.

मामी

५ मे

बॉबिन,

एप्रिलचं आणि मेचं भाडं मिळालं. दोन्ही वेळा मनीऑर्डरच्या कुपनावर काही लिहिलं नव्हतंस. पावत्या सोबत आहेत.

मागच्या आठवड्यात मागच्या न्हाणीघरातला नळ वाहत राहिला. तिकडे मी फारशी जात नाही. दोन दिवस वाहिला असावा. खाली दातांचा डॉक्टर आहे, त्याच्या छतातून पाणी पेशंटच्या अंगावर पडलं. तो वर येऊन घंटा वाजवत राहिला, दार बडवत राहिला. मी चार पावलांवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. शेवटी त्याने दाराखालून चिठ्ठी सरकवली. तिच्यातले शब्द तुला कळवण्यासारखे नाहीत. छताचा खर्च मी दिला.

त्यानंतर दोन माणसं बोलावली. नळवाल्याने नळ ऐकले. विजेवाल्याने पंखे ऐकले. प्रत्येकाने आपापलंच ऐकलं, आणि दोघांनी मिळून मला सांगितलं की बाकी सगळं ठीक असावं. असावं या शब्दावर मी घर चालवू शकत नाही. निळा मला दर महिन्याला पत्र पाठवतो, खात्यात शिल्लक शून्य. सध्या तेवढंच टपाल येतं.

घर ऐकण्याचे तुझे दर काय, ते लिहून कळव. फुकट नको आहे.

मामी

११ मे

मालकीणबाई,

दर मागितलेत, पाठवत आहे. तुम्हीच पाठवलेल्या बक्षीसपत्राच्या पाठीवर लिहिलंय. हिशेबाला उपयोगी पडलं.

येण्याजाण्याचे अकराशे. नळ चार, प्रत्येकी दोनशे, म्हणजे आठशे. पंखे दोन, दीडशेप्रमाणे तीनशे. फ्रिज दोनशे. दाराची घंटा वाजते की नाही ते पाहणे शंभर. भिंतीतला टाकीचा पाइप पाचशे, कारण त्याला जमिनीवर आडवं व्हावं लागतं. एका खेपेचे एकूण तीन हजार. महिन्याला दोन खेपा. सुटे भाग लागले तर पावती दाखवून, बेअरिंगसुद्धा. या कामात मला कुठूनही काही मिळत नाही. तुम्ही विचारण्याआधी लिहिलं.

चहा घेणार नाही, त्यामुळे त्याची वजावट करू नये. बिस्किटं आणणार नाही. तब्येतीची चौकशी यात नाही, तिला वेगळा दरही ठेवलेला नाही. काय काय ऐकलं ते कागदावर लिहून टेबलावर ठेवून जाईन, म्हणजे तुम्हाला माझ्या ओठांकडे बघायला नको.

'मामी' ही हाक या दरात बसत नाही. ती आता मिळत नाही.

मशीन दुरुस्तीवाला, गाळ्याचा भाडेकरू

१४ मे

दरपत्रक मिळालं. बेरीज तपासली, बरोबर आहे. दोन खेपा म्हणजे एका महिन्याचं भाडं, हेही लक्षात आलं. तेव्हा मनीऑर्डरचा खर्च दोघांनी करण्यात अर्थ नाही, परस्पर वळतं करू. दर महिन्याला तसा कागद करत जाईन, तुझी सही लागेल.

दर मान्य आहेत. घासाघीस करत नाही.

येत्या रविवारी दहा वाजता ये. दार उघडं ठेवते. आल्यावर आधी घंटा वाजवून बघ, वाजत असेल तर कागदावर लिही. मागच्या न्हाणीघरापासून सुरू कर.

हाकेचं म्हणशील, तर ती मला तशीही कधी ऐकू येत नव्हती.